उसाच्या अभंगातला प्रश्न

सातारा-सांगलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस. त्यामुळे श्रीसंत चोखोबारायांचा उसावरचा अभंग निरूपणाला घेतला की श्रोता लगेच रमतो. ऊस, धनुष्य आणि नदी असे तीन दृष्टांत. तिघांचेही बाह्यरूप वाकलेले, आतली वस्तू मात्र निर्दोष. कीर्तनकार त्यावर देह-आत्म्याचा सिद्धांत लावतो, दोन प्रमाणे देतो आणि जयघोष होतो.

सिद्धांत खरा आहे. पण धृपद पुन्हा वाचा. ते प्रश्नार्थक आहे आणि द्वितीयपुरुषी आहे. वरचा रंग पाहून फसणाऱ्याला चोखोबा समोरासमोर विचारताहेत. शेवटी ते स्वतःलाही वाकडा म्हणतात, त्याला आपण लीनता समजतो. मला तसे वाटत नाही. तो शब्द पाहणाऱ्याचा आहे. चोखोबांनी तो उचलून त्याच्याच पदरात परत टाकला आहे.

१९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. पुढे वाटेत जेवण बरोबर असून पाणी कोणी देईना, म्हणून रात्र उपाशीच काढली. त्यांतले एक, भीमराव, पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, प्रसंग त्यांनीच लिहून ठेवला आहे. घर कबीरपंथी, भजनाचे. भजनाने त्या रात्रीची तहान भागली असती, असे कोणी म्हणू नये. तरी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला.

मग या अभंगात दिलासा कुठला? ‘सोस, देव पाहतो आहे’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. चोखोबा अन्याय सोसणाऱ्याला सांगतात, बाबा, खोट तुझ्यात नाही. एवढे ऐकले की माणूस ताठ बसतो.

त्यांचे चिरंजीव कर्ममेळा तर या जातीत जन्माला का घातलेस, म्हणून विठ्ठलालाच जाब विचारतात. त्यांचे अभंग कीर्तनात क्वचितच निघतात. त्यांवर टाळ्या मिळत नाहीत, दुसरे काय! मला मात्र तो भक्तीचाच अधिकार वाटतो. परक्याशी कोणी असे भांडत नाही.

१३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा गेले. मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात असले तरी संस्थानी काळात ते सांगलीकर पटवर्धनांकडे होते. म्हणजे हे दुःख आपल्या घरचेच. आणि ते जुने झालेले नाही. २००७ साली साताऱ्याच्या माण तालुक्यात विहिरीच्या कारणावरून एका दलित शेतकऱ्याचा खून झाला.

असे काही घडून गाव धुमसत असताना सप्ताह आला तर कोणता अभंग घ्यावा, असे तरुण कीर्तनकार विचारतात. उसाचाच घ्यावा. फक्त धृपद म्हणताना नजर मंडपाच्या छताकडे नसावी. पहिल्या रांगेत बसलेल्या मानकऱ्यांकडे असावी.