दया आणि हक्क

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या मालवणकडे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मगच पोहे खायला बसतात. कडू आधी आणि गोड मागाहून, हा क्रम ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, ते वाचक दिवाळी अंकात अन्यायाची गोष्ट काढली म्हणून रागावणार नाहीत, असे मी धरून चालतो.

आमच्या कट्टा गावात बॅरिस्टर नाथ पै यांच्या नावाचे सेवांगण आहे. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले. राजकारणात राहूनही साहित्यावर जीव असलेला हा माणूस. त्यांचे नाव वाचताना एक प्रश्न माझ्या मनात हटकून येतो. माणसाच्या हक्कांसाठी सभागृहे आहेत, न्यायालये आहेत. मग कथा-कादंबरीने त्यात काय करावे? उत्तर शोधायला कोकणी माणसांच्या पुस्तकांबाहेर जावे लागत नाही.

वि. स. खांडेकर १९२० मध्ये शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि सुमारे अठरा वर्षे तेथे राहिले. कला जीवनासाठी, हा त्यांचा आग्रह. दारिद्र्य पाहून कळवळणारा ध्येयवादी तरुण त्यांनी मराठी घराघरांत नेला. या उपकाराचे मोल कमी नाही. तथापि त्या कादंबऱ्या आज वाचताना जाणवते की, कथा कळवळणाऱ्याची असते. ज्याच्यासाठी कळवळायचे तो बहुधा कडेला उभा असतो. त्याचे दुःख नायकाच्या मनाला जाग आणते आणि तेवढ्यावर त्याचे काम संपते.

शिरोड्याला लागूनच आरवली. तेथले जयवंत दळवी मुंबईला गेले आणि १९६३ मध्ये त्यांची ‘चक्र’ आली. या झोपडपट्टीत कळवळणारा पाहुणा नाही. येथली माणसे भांडतात, पितात, वासनेने पेटतात, एकमेकांना सांभाळूनही घेतात. वाचकाची दया मिळवण्यासाठी लेखकाने त्यांना सोज्ज्वळ केलेले नाही, आणि मला हेच त्या कादंबरीचे मोठेपण वाटते. सज्जन असेल तरच ज्याला जगू द्यायचे, त्याला आपण हक्क देत नाही, बक्षीस देतो. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला तो १९८५ मध्ये. आणि त्याच निकालाने झोपड्या हटवण्याला मात्र कायमची बंदी घातली नाही. ‘चक्र’मधली माणसे त्याच्या बावीस वर्षे आधी मराठी वाचकांसमोर उभी होती.

तरीही दळवी पाहणारेच होते. आणखी एक पायरी उरली होती, आणि ती चढल्या रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावच्या उर्मिला पवार. त्यांचे ‘आयदान’ २००३ चे. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे, रोवळ्या. वडील लवकर गेल्यावर आईने आयदाने विणून घर चालवले. ती पोहोचवायला गेलेल्या मुलीला पायरीखाली उभे राहावे लागे. आयदानांवर पाणी शिंपडले जाई आणि पैसे वरून हातावर टाकले जात. संविधानाचा सतरावा अनुच्छेद १९५० मध्ये लागू होऊन अस्पृश्यता कायद्याने संपली, तेव्हा ही लेखिका लहान मूल होती. ओटीवरच्या माणसांनी कायदा वाचला असेल. पायरीखालून तो कसा दिसतो हे मात्र तिनेच सांगायला हवे होते.

अशी पुस्तके एकांगी आणि रुक्ष असतात, अशी तक्रार मी सुशिक्षित घरांतून ऐकली आहे. ‘आयदान’ने ती खोटी पाडली आहे. त्यात विनोद आहे, गावच्या बायकांची थट्टामस्करी आहे. शिवाय लेखिका केवळ ओटीवाल्यांनाच जाब विचारत नाही. स्वतःच्या संसारातला, स्वतःच्या समाजातला पुरुषी वरचष्माही ती तितक्याच स्पष्टपणे मांडते. न्यायाची मागणी दुसऱ्याच्या दारात करायची आणि आपल्या उंबऱ्यावर थांबवायची, ही सोय तिने स्वतःला दिलेली नाही. मला हा या पुस्तकाचा सर्वांत धीट भाग वाटतो.

दया वाईट नव्हे. खांडेकरांच्या दयेने मने भिजली नसती, तर पुढचे बी रुजायला जमीन मिळाली नसती. पण दया देणाऱ्याच्या मुठीत असते. मन बदलले की मूठ मिटते. हक्क मागणाऱ्याला कोणाच्या मनाची वाट पाहावी लागत नाही. साहित्य कायदा करू शकत नाही. पण ज्याच्यासाठी कायदा आहे तो दयेचा विषय नसून स्वतःचे बोलणे असलेला माणूस आहे, एवढे ते दाखवू शकते, आणि त्याच्याशिवाय कायदा कागदावरच राहतो.

आपल्या स्वयंपाकघरात तांदूळ पाखडायचे सूप आहे. ते कोणी विणले, हे विचारणारी एक तरी पिढी घरात वाढावी. ‘आयदान’ घरातल्या मुलांच्या हाती द्यावे, ते याचसाठी.