मातृत्वाची मोजपट्टी : ‘श्यामची आई’ ते उसाचा फड

१९२७ साली कॅथरिन मेयो यांचे ‘मदर इंडिया’ प्रसिद्ध झाले आणि परक्या मोजपट्टीने दिलेल्या त्या निवाड्यावर भारतातील सुशिक्षित वर्ग संतापला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्याची संभावना गटार-निरीक्षकाचा अहवाल अशी केली, तथापि भारतीयांनी ते वाचण्यात लाभ आहे, असेही नोंदविले. संताप स्मरणात राहिला, ही पुस्ती मात्र विस्मृतीत गेली. बालविवाहासंबंधीच्या मेयोबाईंच्या साऱ्याच नोंदी निराधार नव्हत्या. १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा करावाच लागला. दोष होता तो आईची विवंचना संस्कृतीचा स्वभाव म्हणून मांडण्यात.

हाच दोष मराठी अभिरुचीतही आढळतो. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ मातृत्वाचे प्रमाण ठरली. त्या आईचे दारिद्र्य खरे आहे. परंतु तिला घराचा उंबरठा आहे, कुळाचा मान आहे आणि मुलाला घडविण्यास लागणारी सवड, अल्प का होईना, आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तील (१९८४) मसामायला यांतले काहीच नाही. तिच्या देहावर गावच्या पाटलांची सत्ता चालते. लेकराला बापाचे नाव मिळत नाही. शेणातून वेचलेल्या दाण्यांची भाकरी खाणारी संतामाय नातवाला वाढविते. तेथे वात्सल्याची उणीव नाही, उणीव आहे ती उंबरठ्याची. ‘संस्कार’ हा निकष लावून मसामायला उणी ठरविणारा वाचक मेयोबाईंच्याच पंक्तीला बसतो.

या वाचनाची कसोटी पळसदेवसारख्या गावी लागते. उजनीच्या पाण्यात जुने गाव गेले. पाणी ओसरले की पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. त्याच धरणाने इंदापूर तालुक्यात ऊस वाढविला आणि दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगरकडील टोळ्या फडात उतरू लागल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. तान्हे मूल साडीच्या झोळीत, त्याच्यावर लक्ष ठेवायला आठ-नऊ वर्षांची बहीण. बांधावरून पाहणारा सहज म्हणतो, ‘यांच्यात अशीच रीत.’ (हे उद्गार प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकू येतात.) वस्तुतः ही रीत नसून उचलीचा करार आहे. खाडा पडला की पैसे कापले जातात. मूल पाजायलाही वेळ चोरावा लागतो.

येथे समंजसपणाचीही मर्यादा उघड होते. ‘त्यांची संस्कृती वेगळी’ असे उदारपणे म्हणणारा निंदकापेक्षा सौम्य असतो, पण त्याचीही नजर मुकादमाच्या वहीपर्यंत पोहोचत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची शासकीय समितीमार्फत चौकशी २०१९ मध्ये झाली. त्या शस्त्रक्रियांना कोणती परंपरा म्हणणार? दुसरीकडे, बाळंतिणीची चुलत सासू तिचे मूल आपल्या कोपीत निजविते, टोळीतली लेकरे एकाच ताटात जेवतात, ही मात्र खरोखर रीत आहे आणि तिच्यात शिकण्याजोगे पुष्कळ आहे. रीत आणि सक्ती यांची ही फारकत ‘अक्करमाशी’ करते. ‘श्यामची आई’ला तिची गरज पडली नव्हती.