रास्त भाव कोणाचा? एका रोख्याची पाच वयं

मागच्या वेळी आपण घसारा पाहिला होता. आजचा विषय त्याच्या उलट दिशेचा आहे. जुन्या किमतीतून थोडं थोडं वजा करत जाण्याऐवजी, दरवेळी नव्याने विचारायचं की या वस्तूची आज किंमत काय? लेखाशास्त्रात याला ‘फेअर व्हॅल्यू’ म्हणतात. मराठीत कोणी रास्त मूल्य म्हणतं, कोणी वाजवी मूल्य. आम्हाला यातला ‘रास्त’ हा शब्द जरा सावधपणे वापरावासा वाटतो. कारण ‘रास्त भाव’ म्हटलं की आपल्याला रेशनचं दुकान आठवतं. तिथे भाव सरकार ठरवतं आणि फळ्यावर लिहितं. इथे भाव कोण ठरवतं, हाच आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

आधी व्याख्या. आंतरराष्ट्रीय मानक आयएफआरएस १३ हे २०११ मध्ये आलं. त्याला समांतर असं आपलं इंड एएस ११३ हे मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून लागू झालं. दोन्हींचं म्हणणं एकच आहे: मोजणीच्या दिवशी, बाजारातल्या जाणत्या लोकांमध्ये, कोणतीही घाईगर्दी वा जबरदस्ती नसताना व्यवहार झाला, तर मालमत्ता विकून जे पैसे येतील, किंवा देणं दुसऱ्याच्या अंगावर टाकायला जे मोजावे लागतील, ते रास्त मूल्य. तुम्ही ती वस्तू केवढ्याला घेतली, हे इथे कोणी विचारत नाही. तुम्हाला ती किती प्रिय आहे, हेही विचारत नाही. बाजारातून बाहेर पडताना हातात काय येईल, एवढंच बघायचं.

आता बाजार सगळ्या वस्तूंचा सारखा नसतो. म्हणून तीन पातळ्या केल्या आहेत. पहिली पातळी: नेमक्या त्याच वस्तूचा भाव चालू बाजारात दिसतो. शेअर बाजारात रोज उलाढाल होणाऱ्या कंपनीचा शेअर घ्या, बंद भाव घेतला की झालं. दुसरी पातळी: नेमका तोच रोखा आज विकला गेला नाही, पण तशाच मुदतीच्या, तशाच पतीच्या रोख्यांचे दर दिसतात, त्यावरून हिशोब बांधता येतो. तिसरी पातळी: बाजारात दिसणारं काही हाती नाही किंवा पुरेसं नाही. मग कंपनी स्वतःचे अंदाज घालते, की पुढची दहा वर्षं विक्री अमुक वाढेल, व्याजदर तमुक राहील.

गावाकडच्या सामायिक जमिनीचं उदाहरण घ्या. वीस वर्षांत व्यवहार नाही. पण वाटणीला बसलं की भाव प्रत्येकाच्या खिशात तयार असतो. जमीन सोडून पैसे घेऊन जाणाऱ्याचा भाव मोठा असतो, आणि जमीन ठेवणाऱ्याचा लहान. दोघंही खोटं बोलत नसतात. दोघंही आपापले अंदाज घालत असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आता मुख्य उदाहरण आपल्याच मुंबईतलं. बँका ‘एटी-वन’ नावाचे रोखे काढतात. या रोख्यांना परतफेडीची तारीख नसते. बँक व्याज देत राहते, आणि साधारण पाच वर्षांनी तिला हवं असेल तर मुद्दल परत करून रोखा मिटवू शकते. ‘हवं असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. शिवाय बँक बुडायला लागली तर हे रोखे शून्यावर आणता येतात, म्हणूनच नियामक त्यांना भांडवल मानतात. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि १४ मार्चला प्रशासकाने ८,४१५ कोटी रुपयांचे असे रोखे पुसून टाकले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तो कायद्याचा भाग आपण आज बाजूला ठेवू.

आपला प्रश्न असा: तारीख नसलेल्या कागदाची आजची किंमत कशी काढायची? म्युच्युअल फंड बाजाराच्या रिवाजाप्रमाणे असं धरत होते की बँक पहिल्या संधीला पैसे परत करेल. म्हणजे हा पाच वर्षांचा रोखा. १० मार्च २०२१ रोजी सेबीने परिपत्रक काढलं की यापुढे हे रोखे शंभर वर्षांचे धरा.

याने काय फरक पडतो ते करून बघू. शंभर रुपयांचा रोखा, व्याज नऊ टक्के. बाजारातला दर नऊवरून दहा झाला. पाच वर्षांचा धरला तर किंमत सुमारे ९६ रुपये २० पैसे होते. शंभर वर्षांचा धरला तर ९० रुपये. कागद तोच, बँक तीच, व्याज तेच. फक्त वय बदललं आणि तोटा चारावरून दहा रुपयांवर गेला. त्या वेळी फंडांकडे असे सुमारे ३५ हजार कोटींचे रोखे होते. गडबड उडणारच. अर्थ मंत्रालयाने सेबीला पत्र पाठवून ही अट मागे घ्यायला सांगितलं. २२ मार्चला सेबीने पायऱ्या करून दिल्या: मार्च २०२२ पर्यंत दहा वर्षं, पुढचे सहा महिने वीस, त्यापुढचे सहा महिने तीस, आणि एप्रिल २०२३ पासून शंभर. मग ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने पुन्हा सांगितलं की आता पहिल्या परतफेडीच्या संधीपर्यंतच मुदत धरा. आधार कशाचा? इंड एएस ११३ चा. बाजारातले लोक हा कागद जसा मोजतात, तसाच तो मोजायला हवा.

म्हणजे साडेतीन वर्षांत एका कागदाची पाच वयं झाली: पाच, दहा, वीस, तीस, शंभर, आणि परत पाच.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग बरोबर कोण होतं?)

चांगला प्रश्न आहे, टाळणार नाही. आमच्या मते सेबीची चिंता बरोबर होती आणि माप चुकीचं होतं. चिंता ही, की तारीख नसलेल्या आणि एका पत्राने शून्य होऊ शकणाऱ्या कागदाला पाच वर्षांच्या साध्या रोख्यासारखं वागवलं जातंय. पण हा धोका वर्षांत मोजायचा नसतो, तो दरात मोजायचा असतो. धोका जास्त वाटतो ना, मग खरेदीदार नऊऐवजी अकरा टक्के मागेल, आणि किंमत आपोआप खाली येईल. बाजारात कोणी शंभर वर्षं धरून भाव करत नसेल, तर शंभर वर्षांवर काढलेला आकडा सावध असेल, कडक असेल, पण व्याख्येनुसार रास्त मूल्य नव्हे. तो फळ्यावर लिहिलेला भाव झाला.

पण म्हणून बाजाराचा रिवाज निर्दोष ठरत नाही. ‘बँक पाच वर्षांनी पैसे देईल’ हे गृहीतक बँक धडधाकट असेपर्यंतच खरं असतं. ज्या दिवशी त्याची परीक्षा होते, त्याच दिवशी ते कोसळतं. मानक म्हणतं, बाजारातल्या लोकांना विचारा. बाजारातले लोक एकमेकांकडे बघत असतील, तर विचारायचं कोणाला? मानकातली ही फट आम्हाला सगळ्यांत गंभीर वाटते.

यात कोणाचे पैसे जातात, हेही बघा. समजा फंडाने रोख्याची किंमत खऱ्यापेक्षा जास्त दाखवली. आज बाहेर पडणारा युनिटधारक फुगलेल्या एनएव्हीने पैसे घेऊन जातो. ती जास्तीची रक्कम मागे राहिलेल्यांच्या वाट्यातून जाते. किंमत कमी दाखवली तर उलटं होतं. वाटणीतले दोन भाऊ आठवा. इथे फरक एवढाच की मागे राहिलेल्याला वाटणी झाल्याचं कळतसुद्धा नाही. बहुतेक वेळा तो निवृत्त माणूस असतो, रोज एनएव्ही न बघणारा.

आता काही जण म्हणतील, एवढ्या भानगडीपेक्षा खरेदीची किंमतच ठेवा ना! अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक त्याचं उत्तर आहे. २०२२ अखेर तिच्याकडे मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून सुमारे ९१ अब्ज डॉलरचे रोखे जुन्या किमतीने मांडलेले होते. त्यांची बाजारातली किंमत होती सुमारे ७६ अब्ज. बँकेचं स्वतःचं भांडवल १६ अब्जांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ सगळं भांडवल गेलेलंच होतं, आणि ७६ चा आकडा ताळेबंदात कंसात छापलेला होता! ९ मार्च २०२३ ला एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज काढले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. जुनी किंमत आपल्याला फक्त शांत झोप देते.

देण्यांच्या बाजूला तर आणखी गंमत आहे. आपली पत घसरली की आपल्या रोख्यांची बाजारातली किंमत घसरते. देणं रास्त मूल्याने मांडलं असेल तर ते कमी दिसतं, आणि कमी झालेलं देणं म्हणजे नफा! २०११ च्या तिसऱ्या तिमाहीत मॉर्गन स्टॅन्लीच्या उत्पन्नात असे ३.४ अब्ज डॉलर होते. लोकांचा विश्वास उडाला म्हणून उत्पन्न वाढलं. गणित चुकलेलं नव्हतं. पुढे आयएफआरएस ९ ने आणि आपल्या इंड एएस १०९ ने सर्वसाधारणपणे हा फरक नफा-तोट्यातून काढून ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्ना’त टाकला. ही दुरुस्ती योग्यच. पण तिचा अर्थ नीट ऐका: मानककर्त्यांनीच मान्य केलं की बरोबर मोजलेला आकडासुद्धा चुकीच्या जागी ठेवला तर दिशाभूल करतो.

मग आमचं म्हणणं काय? रास्त मूल्य टाकून देऊ नये. खोट्या शांततेपेक्षा खरी अस्वस्थता बरी. आमची तक्रार एका आकड्याबद्दल आहे. तिसऱ्या पातळीवरची किंमत ही मुळात पट्टा असते, ऐंशी ते एकशे दहा असा. ताळेबंदात मात्र त्यातला एकच आकडा बसतो, तोही शेअरच्या बंद भावाच्या शेजारी, त्याच टायपात. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच पक्के वाटतात.

सुदैवाने मानकाने पट्टा लपवू दिलेला नाही, फक्त मागच्या पानांवर ठेवला आहे. म्हणून आज घरी गेल्यावर तुमच्याकडे ज्या कंपनीचे शेअर आहेत तिचा वार्षिक अहवाल काढा. टिपांमध्ये रास्त मूल्याचं कोष्टक सापडेल. तीन गोष्टी बघा. तिसऱ्या पातळीचा आकडा कंपनीच्या भांडवलाच्या किती पट किंवा किती टक्के आहे? यावर्षी दुसरीतून तिसरीत काय सरकलं, आणि का? आणि गृहीतक थोडं हललं तर किंमत किती हलते, हे सांगितलंय का? आम्ही काही मित्र दर महिन्याला बसून हेच करतो. पहिले दोन-तीन अहवाल जड जातात, पुढे नजर बसते.

भाव कोणीतरी धरलेलाच असतो. धरणारा कोण आणि त्याने काय धरलं, एवढं विचारायची सवय लागली तरी पुरे. पुढच्या वेळी आपण बुडीत कर्जाच्या तरतुदी घेऊ. आता प्रश्न घेऊया.