हाकुइनची चित्रे आणि ‘शब्दातीत’ हे विशेषण

झेन पंथीयांच्या चित्रकलेविषयी लिहिताना ‘शब्दातीत’ हे विशेषण सढळपणे वापरले जाते. जपानमधील रिन्झाई परंपरेचा आचार्य हाकुइन एकाकु (१६८६–१७६९) याच्या चित्रांपुरते तरी ते दिशाभूल करणारे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हाकुइनचा जन्म फुजी पर्वताच्या परिसरातील हारा या गावी झाला आणि तेथीलच शोइन्-जी या लहानशा मंदिरात राहून त्याने शिष्य घडविले. तो व्यवसायाने चित्रकार नव्हे; त्याची बहुतेक चित्रे उतारवयातील आहेत. त्यांपैकी अनेकांवर त्याच्या हातचा मजकूर आढळतो. हा मजकूर म्हणजे चित्राचे स्पष्टीकरण नसून चित्राचाच एक घटक होय.

या दृष्टीने ‘नामु जिगोकु दाइबोसात्सु’ हे त्याचे सुलेखन विशेष अभ्यसनीय आहे. एका उभ्या ओळीत सात ठसठशीत चिनी अक्षरे, एवढाच त्याचा पसारा. ‘नामु’ हे संस्कृत ‘नमः’चे व ‘बोसात्सु’ हे ‘बोधिसत्त्व’चे चिनी भाषेमार्गे आलेले रूप, ‘जिगोकु’ म्हणजे नरक. ‘नामु’ उच्चारताच पुढे अमिताभ बुद्धाचे अथवा एखाद्या बोधिसत्त्वाचे नाव येणार, ही भाविकाची अपेक्षा असते. हाकुइन नमनाची रचना अबाधित ठेवतो आणि देवतानामाच्या जागी नरक बसवितो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत हे निव्वळ प्रतिस्थापन होय. नमनाचा मूळ साचा ज्यास ठाऊक नाही, त्यास येथे केवळ शाईचे जाड फटकारे दिसतील.

बालपणी नरकवर्णनाचे प्रवचन ऐकून आपण भयभीत झालो होतो, असे हाकुइनने आत्मवृत्तात नमूद केले आहे. त्या भयाचेच नाव वृद्धपणी त्याने वंदनीयाच्या स्थानी ठेवले. यामागील अनुभव गूढ असेल. त्याची अभिव्यक्ती मात्र पूर्णतया भाषेच्या नियमांत वावरते.

याचा अर्थ चित्र शब्दांचे अंकित असते, असा नव्हे. ओंडक्याच्या पुलावरून चाचपडत जाणाऱ्या आंधळ्यांचे चित्र त्याने अनेकदा काढले. सोबतचा मजकूर पार होणाऱ्याच्या चित्तावर भिस्त ठेवावयास सांगतो; पण ओंडक्याचे टोक पैलतीरास टेकतच नाही! शब्दांनी दिलेले आश्वासन रेषा काढून घेते. दोहोंपैकी एक वगळले, तर हा ताण नाहीसा होतो आणि उरते ती एक बोधकथा किंवा एक निसर्गचित्र.

तात्पर्य, साधकाने ‘शब्दातीत’ म्हणणे वेगळे आणि समीक्षकाने म्हणणे वेगळे. साधकाच्या दृष्टीने ती अनुभवाची कबुली असेल. समीक्षकाच्या लेखी ती बहुधा वाचनाचे श्रम टाळण्याची सबब ठरते. संतवाङ्मयाच्या आपल्या अभ्यासकांनीही ‘अनिर्वचनीय’ हा शब्द योजण्यापूर्वी याचा विचार करावा, एवढीच सूचना.