कुंडींतली तुळस आणि सिद्धगडाची वाट

मराठींतील ललित निबंध रुजला तो बव्हंशीं शहरांतील मध्यमवर्गाच्या घरांत. घरचीं माणसें, बालपणाच्या आठवणी, एखादें चित्र किंवा गाणें, आणि खिडकींतून दिसणारें एखादें झाड, एवढ्या भांडवलावर त्याचा संसार चालत आला आहे. भांडवल थोडें म्हणून आम्ही त्यास कमी लेखीत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. खिडकीबाहेरचें तें झाड पुष्कळदां लेखकाच्या मनाचा आरसा होऊन बसतें. लेखक खिन्न असला कीं त्याचीं पानें गळतात, आनंदला कीं त्यास मोहर येतो. झाड कोणतें, हें मात्र निबंध संपला तरी कळत नाहीं.

दुर्गा भागवत यांचें ‘ऋतुचक्र’ (१९५६) ह्या दोषापासून मुक्त आहे. चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख, अशी त्याची साधी मांडणी. बाई राहणाऱ्या मुंबईच्या. परंतु कोणतें झाड केव्हां फुलतें व लोकांनीं त्याभोवतीं कोणत्या कथा गुंफिल्या, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें. ज्ञानानें भावना कोरडी पडते, ही समजूत ह्या पुस्तकानें खोटी ठरविली.

कुटुंबाच्या विषयांत असेंच काम इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’नें (१९४९) केलें. शीर्षकाच्या लेखांत कन्या, सून, पत्नी अशी ओळख करून दिली जाऊनही लेखिकेस कांहीं उणें वाटतें. मुलाचा एक सोबती त्याची आई म्हणून त्यांस ओळखतो, तेव्हां तें उणें भरून येतें. पण त्याच संग्रहांतील ‘वाटचाल’ ह्या लेखांत त्या पंढरीच्या वारींत चालतात, आणि एकाच विठ्ठलाच्या वाटेवर जातीजातींचीं जेवणें वेगळीं पाहून अस्वस्थ होतात. आपलीं माणसें कोण, हा प्रश्न तेथें उंबरठा ओलांडून बाहेर पडतो.

शहरांतल्या निसर्गावर लिहिणारानें हाच उंबरठा ओलांडावा, असें आमचें मागणें आहे. आमच्या घरीं गॅलरींत तुळशीची कुंडी होती. मातोश्री तिला रोज तांब्याभर पाणी घालीत. तें पाणी कोठून येतें, हें आम्ही कधीं विचारलें नाहीं. मुंबईस १८९२ पासून तानशाचें पाणी मिळतें. पुढें भातसाचेंही मिळूं लागलें. दोन्ही धरणें शहापूर तालुक्यांतलीं. त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. आमच्या तुळशीची आठवण एवढें कळल्यावर पूर्वीइतकी निर्भेळ राहिली नाहीं. खरी मात्र अधिक झाली.

शेजारच्या मुरबाड तालुक्यांतला सिद्धगड आज भीमाशंकर अभयारण्याच्या रानांत आहे. पावसाळ्यांत शहरांतून तेथें जाणाऱ्यास धुकें, धबधबे व हिरवा डोंगर दिसतो, आणि आरशाच्या जातीचा एक निबंध त्यास सहज लिहितां येईल. पण ह्याच रानांत २ जानेवारी १९४३ रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत भाई कोतवाल व हिराजी पाटील पडले. कोतवाल माथेरानचे, वकिलीचें शिक्षण घेतलेले. त्यांच्या आझाद दस्त्यानें मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. शहराचा दिवा कोठून पेटतो, हें त्यांनीं तो विझवून शहरास सांगितलें. त्या दिवसाची आठवण करण्यासाठीं दर वर्षीं २ जानेवारीस लोक तेथें जमतात.

प्रत्येक निबंधांत हुतात्मे आणावेत असा ह्याचा अर्थ नव्हे. तसें केल्यास निबंधाचें भाषण होईल. आम्हांस इतकेंच म्हणावयाचें आहे कीं, ज्या डोंगरावर आपण आपल्या आठवणी ठेवूं पाहतों, तेथें दुसऱ्यांच्या आठवणी आधींच नांदत असतात. त्यांस विचारल्यावांचून आंत शिरणारा निबंध कितीही गोड असला तरी पाहुण्याचाच राहतो. विचारून शिरला, तर कदाचित् एखादे दिवशीं तो घरचा होईल.