वास्तव्याची संहिता : मस्तानी, केंदूर आणि मराठी कादंबरी

अठराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहारात 'हिंदुस्थान' हा शब्द आजच्या अर्थाने येत नाही. नर्मदेपलीकडचा उत्तरेचा मुलूख तो हिंदुस्थान आणि अलीकडचा तो 'दक्षिण' किंवा नुसता 'देश'. फौजा हिंदुस्थानात जात आणि देशी परतत. उत्तरेतून येऊन महाराष्ट्रात स्थिरावलेल्या घराण्यांना 'परदेशी' म्हणण्याची रीत या समजुतीशी सुसंगतच होती. पुढे कित्येक कुटुंबांचे ते आडनावच झाले. पिढ्यान्‌पिढ्या इथली जमीन कसली, भांडणे मराठीत केली आणि लग्नाच्या याद्याही मराठीत लिहिल्या, तरी आडनाव परदेशीच राहिले. गावगाड्याच्या परिभाषेत याहून नेमका शब्द आहे : 'उपरी'. मिरासदाराला जमिनीवर आणि गावावर वंशपरंपरागत हक्क असतो; उपरी गावात राहतो, नांगर धरतो, सारा भरतो, पण मिराशीचा हक्क त्याच्या वाट्याला येत नाही. लक्ष्मण माने यांनी आपल्या आत्मकथनाला 'उपरा' (१९८०) हे नाव दिले तेव्हा त्यांनी या जुन्या व्यवस्थेतील शब्दकुळाला साहित्यात एक नवी धार आणून दिली. तथापि मराठी समीक्षेने या शब्दाचा विचार प्रामुख्याने नाकारलेपणाच्या अंगाने केला. उपरी हा जसा हक्क नसलेला माणूस आहे तसाच तो रोज तेथे राहणाराही माणूस आहे. त्याच्या या राहण्याचे काय, हा प्रश्न बाजूलाच पडला.

मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या संदर्भात हा प्रश्न मस्तानीच्या निमित्ताने विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. १७२९ मध्ये बाजीराव महंमदखान बंगशाविरुद्ध छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात गेला आणि त्या प्रसंगानंतर मस्तानी दक्षिणेत आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ती छत्रसालाची कन्या होती, की त्याच्या दरबारातील कलावंत होती, याविषयी एकमत नाही. १७४० मध्ये बाजीरावाच्या पाठोपाठ तिचाही अंत झाला. म्हणजे तिचे दक्षिणेतील वास्तव्य सुमारे दहा वर्षांचे. पुण्यातील तिच्या महालाविषयी, शनिवारवाड्याच्या मस्तानी दरवाजाविषयी आणि कोथरूडच्या वाड्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेली बाब म्हणजे पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे बाजीरावाने तिला इनाम दिली होती. पाबळ आणि केंदूर ही आजच्या शिरूर तालुक्यातील शेजारची, कमी पावसाच्या टापूतील गावे. वारकरी परंपरेत केंदूर ओळखले जाते ते संतकवी कान्हूराज पाठकांमुळे. मस्तानीचे नाव निघते ते पाबळला, कारण तिची कबर तेथे आहे. स्थानिक बोलण्यात तिला समाधीही म्हटले जाते, आणि ज्या वास्तूसाठी दोन धर्मांतले दोन शब्द एकाच वेळी चालतात तिचा अर्थ इतिहासकारांनी वाद घालून संपत नाही. केंदूरला मात्र मस्तानीच्या कथेत केवळ इनामपत्रापुरते स्थान आहे. कथेला मृत्यूची जागा लागली, उत्पन्नाची लागली नाही.

ना. सं. इनामदार यांची 'राऊ' (१९७२) ही या विषयावरील सर्वाधिक वाचली गेलेली कादंबरी. शीर्षकापासूनच तिचे केंद्र स्पष्ट आहे. 'राऊ' हे बाजीरावाला उद्देशून वापरलेले जवळिकीचे संबोधन आहे. म्हणजे कादंबरीचे नाव कोणाच्या तरी मुखातून आलेले असून ज्याच्याविषयी ते आले तो बाजीराव आहे. 'स्वामी' (१९६२) पासून रूढ झालेल्या प्रकारात ही कादंबरी बसते : एक असामान्य पुरुष, त्याच्या पराक्रमाला छेद देणारे खाजगी दुःख, आणि या दोहोंमधून उभी राहणारी शोकात्मिका. इनामदारांचे कौशल्य वादातीत आहे. कुटुंबातील ताण संवादांतून उभे करण्याची त्यांची हातोटी, दरबारी भाषेचा त्यांनी घडवलेला वाचनीय आभास, मस्तानीला कलंकित स्त्रीच्या जुन्या साच्यातून बाहेर काढण्याची त्यांची सहानुभूती, हे सर्व मान्य करूनच पुढे जायला हवे.

परंतु ही सहानुभूती कोणत्या काळात वावरते? मिखाईल बाख्तीनने कादंबरीतील स्थळ आणि काळ यांच्या गुंफणीचा विचार करताना उंबरठ्याच्या स्थलकाळाचा स्वतंत्र निर्देश केला आहे. उंबरठ्यावर माणूस निर्णय घेतो, कोसळतो किंवा नव्याने उभा राहतो. तेथील काळाला जणू अवधीच नसतो. 'राऊ'मधील मस्तानी मुख्यतः या उंबरठ्यावर उभी आहे. ती येते, तिला अडवले जाते, ती कैदेत पडते, तिची ताटातूट होते आणि ती मरते. या प्रसंगांच्या मधल्या दिवसांचे तपशील कादंबरीत येत नाहीत असे नव्हे. पण ते येतात ते प्रेमकथेची पार्श्वभूमी म्हणून. पोशाख येतो तो देखणेपणासाठी, गाणे येते ते मोहासाठी, महाल येतो तो मत्सरासाठी. दहा पावसाळे आणि दहा सुग्या एखाद्या मुलखात काढलेल्या स्त्रीला तेथील ज्या असंख्य गोष्टी निरुपायाने शिकाव्या लागतात त्यांना कथनात स्वतःचा काळ मिळत नाही. 'राऊ'च्या आधारे निघालेल्या 'बाजीराव मस्तानी' (२०१५) या हिंदी चित्रपटात तर ही प्रवृत्ती टोकाला गेली. तेथे आरसे आहेत, स्वयंपाकघर नाही.

कादंबरीने काय लिहावे हे समीक्षेने सांगू नये, असा आक्षेप येथे अपेक्षित आहे. प्रेमकथा लिहिणाऱ्याने महसुलाचा हिशेब का मांडावा? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. कारण येथे महसुलाचा हिशेब हाच व्यक्तिरेखेच्या हातात असलेला एकमेव निःसंशय अधिकार होता. पुण्यातील वाड्यात ती कोणाच्या तरी मर्जीने राहत होती. घरातील तिचे स्थान काय, तिच्या मुलाचे संस्कार कोणत्या रीतीने व्हावेत, या प्रश्नांची उत्तरे इतरांच्या हाती होती. इनामाची गोष्ट वेगळी. इनाम म्हणजे गावच्या जमिनीची मालकी नव्हे. सरकारचा जो हिस्सा गावाकडून यायचा तो इनामदाराकडे वळवला जाई. परंतु या वळवण्यामुळेच इनामदार गावाच्या व्यवहारात ओढला जाई. पाटील आणि कुलकर्णी यांच्याशी बोलणे, त्यासाठी कारकून नेमणे, कारकुनावर भरवसा ठेवणे किंवा न ठेवणे, पाऊस ओढल्यावर सुटीची मागणी आली तर किती मान्य करायची ते ठरवणे, धान्य किती आणि रोख किती याची घासाघीस : या सगळ्याला मोडीतील कागद लागतात आणि मराठी लागते. बुंदेलीत वाढलेल्या, बहुधा फारसी वळणाच्या दरबारी रिवाजाशी परिचित असलेल्या स्त्रीला केंदूरच्या कुलकर्ण्याचा ताळेबंद कोणी वाचून दाखवला असेल? तिने तो समजून घेण्याचा आग्रह धरला असेल की सगळे कारकुनावर सोपवले असेल? या प्रश्नांची उत्तरे अशी दिली तर एक मस्तानी निर्माण होते, तशी दिली तर दुसरी. ऐतिहासिक कादंबरीकाराच्या कल्पनाशक्तीला खरे आव्हान येथे होते. प्रणयाच्या प्रसंगी कल्पनाशक्तीला संकेतांचा आधार मिळतो. ताळेबंदाच्या प्रसंगी तिला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते.

साधनांची वानवा हे कारण येथे पुरेसे नाही. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील एक खंड तर बाजीराव व त्याचे कुटुंब यांच्याविषयीचाच आहे. मात्र या पत्रांतील मस्तानी ही प्रामुख्याने एक अडचण आहे. तिला कोठे ठेवावे, कोणी भेटू द्यावे, ती निघून गेली तर काय करावे, असा पत्रलेखकांचा घोर. कुटुंबातील माणसांनी संकटकाळी लिहिलेल्या पत्रांत संकटच दिसणार. कादंबरीकाराने ही पत्रे प्रमाण मानली आणि त्यांतील भावनेची बाजू उलटवली. जिला पत्रलेखक दोषी मानत होते तिला त्याने निर्दोष मानले. आरोपीच्या पिंजऱ्यातून मात्र तिची सुटका झाली नाही. द. ग. गोडसे यांचे 'मस्तानी' (१९८९) हे पुस्तक दंतकथांचे थर खरवडून कागदांकडे जाते, आणि त्याची शिस्त कादंबरीपेक्षा निराळी आहे. तरी तिला न्याय मिळवून द्यावा ही त्यामागचीही प्रेरणा आहे. खटला आणि अपील यांत फरक असतो, पण दोन्ही न्यायालयातच चालतात.

भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीयतेच्या विचाराला या ठिकाणी एक अवघड प्रश्न विचारता येतो. 'टीकास्वयंवर' (१९९०) नंतरच्या मराठी चर्चेत देशी ही संज्ञा पुष्कळदा जन्माशी आणि मुळांशी जोडली गेली. अनुयायांनी तर ती ओळखपत्रासारखी वापरली. परंतु 'देश' या शब्दात भूमी जशी आहे तसा तिच्याशी चाललेला व्यवहारही आहे. बाहेरून आलेला माणूस तो व्यवहार करू लागला, की त्याचे देशीपण कोठून सुरू होते? जन्म हाच निकष धरला तर या प्रश्नाला जागाच उरत नाही. व्यवहार हा निकष धरला तर मात्र केंदूरच्या उत्पन्नावर जगणारी बुंदेली स्त्री देशीयतेच्या चर्चेत येते आणि ती चर्चा बरीच अस्वस्थ करून सोडते.

खऱ्या अर्थाने सातासमुद्रांपलीकडून आलेल्या आणि मराठी मुलखात कायमच्या राहिलेल्या विसाव्या शतकातील काही विदुषींकडे पाहिले, की या निकषाचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. मॅक्सीन बर्नसन १९६१ मध्ये अमेरिकेतून भारतात आल्या, पुढे फलटणला राहिल्या आणि १९७८ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. फलटणच्या बोलीतील सामाजिक भेद हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता, आणि तेथेच त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. मुलांना मराठी वाचायला कसे शिकवावे, हा प्रश्न त्यांना बोलीच्या अभ्यासातून पडला आणि शाळेत रोज सोडवावा लागला. गेल ऑम्व्हेट यांचा महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवरील ग्रंथ १९७६ चा. त्यांनी १९८३ मध्ये नागरिकत्व घेतले आणि २०२१ मध्ये निधन होईपर्यंत सांगली जिल्ह्यातील कासेगाव हेच त्यांचे घर होते. मराठी नियतकालिकांनी या दोघींविषयी जिव्हाळ्याने लिहिले, यात शंका नाही. पण त्या जिव्हाळ्याचे व्याकरण 'परदेशी असूनही' या पदबंधावर उभे आहे. 'असूनही' म्हटले की माणूस कायम उंबरठ्यावर थांबतो. साठ वर्षे राहिलेली बाई दर सत्कारात नव्याने विमानातून उतरते. सत्कार हा वाचन टाळण्याचा एक सभ्य मार्ग आहे. फलटणच्या बोलीविषयी बर्नसन नेमके काय म्हणतात, यावर वाद घालण्याइतकी बरोबरी सत्कारात शक्य नसते.

या संदर्भात जाई निंबकर यांच्या 'कम रेन' (१९९३) या कादंबरीचा उल्लेख आवश्यक आहे. अमेरिकन पत्नी भारतीय घरात येते आणि त्या घराच्या सवयींशी तिचे जमवणे-न जमवणे सुरू होते, हा तिचा विषय. सासूसुनांचे बोलणे, पैशांची ओढाताण, नवऱ्याचे आपल्या घरात शिरताच बदलणे, असा कादंबरीचा ऐवज आहे, आणि उंबरठा ओलांडून झाल्यावर जो काळ सुरू होतो तोच ती लिहिते. इरावती कर्वे यांच्या या कन्येने फलटणला राहून ही कादंबरी लिहिली, तीही इंग्रजीत. मराठी घराच्या आतला परकेपणा इंग्रजीत सांगितला गेला याचे श्रेय किंवा दोष लेखिकेच्या भाषानिवडीला देऊन मोकळे होता येणार नाही. मराठी कादंबरीने सासरी आलेल्या सुनेचे दिवस अपार बारकाईने लिहिले आहेत; सूनही एका अर्थाने परमुलखातूनच येते. हा तयार असलेला, कसदार कथनप्रकार मस्तानीला मात्र लागू केला गेला नाही. तिला 'सून' हे पद कुटुंबाने नाकारले आणि कादंबरीनेही, निराळ्या कारणाने, ते तिला दिले नाही. प्रेयसी हे पद अधिक उंच वाटले म्हणून.

बर्नसन आणि ऑम्व्हेट यांचे वास्तव्य त्यांच्या स्वतःच्या लेखनातून वाचता येते. मस्तानीचे तसे लेखन उपलब्ध नाही. तिच्या राहण्याचा पुरावा शोधायचा तर तो पुढच्या पिढ्यांत शोधावा लागतो. तिचा मुलगा समशेर बहादूर पेशव्यांच्या कुटुंबात वाढला, मराठ्यांच्या मोहिमांत लढला आणि १७६१ मध्ये पानिपतच्या रणात जखमी होऊन मरण पावला. समशेरचा मुलगा अली बहादूर याला नाना फडणिसांच्या काळात उत्तरेच्या कामगिरीवर पाठवण्यात आले. १७९० च्या सुमारास तो आजीच्या मुलखात, बुंदेलखंडात शिरला आणि बांद्याच्या नवाबांचे घराणे त्याच्यापासून सुरू झाले. तेथील राजांच्या दृष्टीने तो छत्रसालाच्या कुळातला कोणी परतून आलेला नव्हता. तो दक्षिणेतून फौज घेऊन आलेला पेशव्यांचा सरदार होता.