पाळी म्हणजे काय, हे सांगायचं राहिलंच

‘पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स.’ या रायका झेहताबची यांच्या माहितीपटाला २०१९ मध्ये ऑस्कर मिळालं. उत्तर प्रदेशात हापूडजवळच्या काठीखेडा गावची ही गोष्ट. पाळीबद्दल विचारल्यावर मुली लाजून हसतात, मुलगे तो एक आजार समजतात. (आपल्या वर्गात विचारून पाहा!) मग गावात अरुणाचलम मुरुगनाथम यांचं पॅड बनवायचं यंत्र येतं, बायका काम शिकतात, दारोदार पॅड विकतात. पोलिसात जाऊ पाहणारी एक तरुणी त्या कमाईतून प्रशिक्षणाचा खर्च भागवू पाहते. हा भाग आम्हाला फार आवडला.

पण सुरुवातीचा प्रश्न तसाच राहतो. उत्तरादाखल पुढे येतं ते यंत्र. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन घटतं, गर्भाशयाच्या अस्तराचा रक्तपुरवठा आखडतो आणि ते सुटून रक्ताबरोबर बाहेर पडतं. हे सांगायला असे किती वेळ लागला असता? शरीरात साठलेली घाण बाहेर पडते, ही समजूत पॅड वापरल्याने जात नाही. एका पाळीत साधारण ३०-४० मिलिलिटर रक्त जातं, चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी. दर वेळी ८० च्या वर जात असेल तर रक्तक्षय होऊ शकतो. डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मुलींना हे कोण सांगणार?

तरीही माहितीपट वर्गात जरूर दाखवावा. आधी फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढावी, आणि मुलग्यांना खेळायला बाहेर पाठवू नये. ‘आजार’ हे उत्तर त्यांचंच आहे.